धाकट्या काकांचं शहर

"घरात कुणाला भूल दिल्यावर काही त्रास झाला होता?" भूलतज्ज्ञ बाईंनी विचारलं.

लेकीचं अपेंडिक्स कुठल्याही क्षणी फुटेल असं नुकतंच ऐकलं होतं, तरी मी जरा ऐटीतच म्हणाले, "कुणालाच नाही. घराण्याच्या सात पिढ्या मला पाठ आहेत."

खरंच आहेत. कोण कुठून आलं, कुणाशी लग्न केलं, कशानं गेलं, हे गोळा करत मी कित्येक वर्षं हिंडतेय. घरचे मला 'उत्खनन खातं' म्हणतात. हाती लागत नव्हते ते एकच, बाबांचे धाकटे भाऊ. तरुणपणी परदेशी गेले नि तिकडचेच झाले, असं आत्या सांगायची; बाबा तो विषयच टाळायचे. शहर मात्र दर वेळी वेगळं. कधी बंदराचं, कधी बर्फाचं. मी आपली आडनाव जुळेल त्या परक्या माणसाला गाठून विचारत सुटले. त्यातला एक बेकरीवाला इतका मायाळू निघाला, की काडीचं नातं नसताना अजून माझी खुशाली विचारतो.

"तुम्हाला स्वतःला कधी भूल दिलीय?"

"नाही. बाबांनाही नाही."

"त्यांची भावंडं?"

"एक ही आत्या. आणि एक काका. ते परदेशी असतात."

"बरं." बाई आत गेल्या. पाठोपाठ लेकीचं स्ट्रेचर. ती ओठ चावून छताकडे बघत होती. दार मिटलं.

बाकावर बसलेल्या आत्यानं माझी बाही धरली. "थांबव त्यांना."

"आत्या, घाबरू नकोस गं."

"थांबव म्हणते ना! एरवी डोकं खातेस माझं प्रश्न विचारून, आणि आज एका उत्तरावर गप्प बसलीस होय?" तिचा आवाज चिरकला. "धाकटा कुठ्ठे गेला नाही. ऑपरेशनच्या टेबलावर गेला तो."

मी दारावर थापा मारल्या. नर्सनं फटीतून डोळे वटारले. "इथं यायचं नाही."

"भूल देऊ नका! आमच्या घरात एक जण गेलाय!"

बाई मास्क ओढत बाहेर आल्या. चिडल्या होत्या. मग आत्याचा चेहरा बघून तिच्यासमोर गुडघ्यावर बसल्या. "आजी, कसलं ऑपरेशन होतं?"

"डोळ्याचं. तिरळा होता थोडा. माझं लग्न ठरलं होतं. फोटोत बरं दिसणार नाही म्हणून मीच लकडा लावला." आत्या माझ्याकडे बघत नव्हती. "थट्टा करत आत गेला, हो."

"ताप होता?"

"जाताना नव्हता. बाहेर आणला तर अंगाला हात लावता येईना. सगळे म्हणाले, जंतू असतील."

"आणि जबडा?"

आत्या दचकली. "तोंड उघडेना म्हणून आत धावपळ झाली होती. तुम्हाला कसं कळलं?"

बाई उठल्यासुद्धा. "गॅस द्यायचा नाही!" त्या आत ओरडल्या. "यंत्र स्वच्छ करून घ्या, नळ्या नव्या लावा. सगळं शिरेतून देऊ." मग मला म्हणाल्या, "काही घराण्यांना भुलेचा गॅस नि तसली औषधं सोसत नाहीत. अंग पेटतं नुसतं. थोडा वेळ लागेल."

"तेवढ्यात अपेंडिक्स फुटलं तर?"

"ती जोखीम आहे. पण आता दुसरा रस्ता नाही."

दार पुन्हा मिटलं. आतून चाकांचे, भांड्यांचे आवाज येत राहिले. बाहेर कुणी आलं की आत्या उठून विचारायची, "ताप?" कपडे न्यायला आलेल्या माणसालाही तिनं विचारलं.

"भांड की माझ्याशी," ती मधेच म्हणाली.

"भांडणार आहे. पोरगी बाहेर येऊ दे."

"बर्फाचं शहर मी असंच सांगितलं. त्याचं अंग इतकं तापलं होतं ना, निदान तिथं तरी…"

मी तिचा हात मांडीवर घेतला. भांडणाची तयारी तिथंच ढेपाळली.

अखेर दार उघडलं. "अगदी फुटायच्या बेतात होतं," बाई म्हणाल्या. "निघालं. पोरगी ठीक आहे."

आत्यानं ते ऐकलंच नाही. ती स्ट्रेचरशी पोचली होती. लेकीच्या कपाळाला तिनं उलटा हात लावला, मग गळ्याला, मग पांघरुणाखाली तळपायांना.

"आजी, गुदगुल्या होतात गं," लेक झोपेतच पुटपुटली.

आत्यानं हात काढला नाही.