ऑरिनने पळवलेलं फाटक

मी फाटक बोलतोय. डौलात उभ्या राहणाऱ्या लोखंडी फाटकांतला मी नव्हे. चार तारा, त्यांत गुंतवलेल्या काठ्या आणि शेवटची काठी अडकवायला खांबावर तारेचा फास, एवढाच माझा संसार.

ओरेगनच्या या माळावर मला व्हर्ना आणि ऑरिन यांच्या बाबांनी बांधलं. अलीकडे व्हर्नाचा भोपळ्यांचा मळा, पलीकडची जमीन सरकारी, म्हणजे सगळ्यांची. तिथे ऑरिनच्या गाई चरतात आणि वर कड्यापाशी हरणं असतात. इथला रिवाज एकच: फाटक जसं दिसेल तसं ठेवून जायचं. उघडं असलं तर उघडं, लावलेलं असलं तर लावलेलं. मला लावायचं तर खांद्याने रेटावं लागतं. शहरातले शिकारी थोडा वेळ झटतात, मला चार शिव्या हासडतात आणि नुसतं टेकवून पसार होतात. माणूस कसा आहे ते मला तेवढ्यात कळतं.

ही दोघं बहीण-भाऊ मात्र शिकारीच्या दिवसांत एकाच गाडीने यायची. ताई रेटायची, भाऊ फास चढवायचा. मिळालेल्या हरणावर दोन्ही घरांचा हिवाळा निघायचा.

मग बातमी आली की या माळाला राष्ट्रीय स्मारक करायचं म्हणतात. पुतळा-बितळा नाही हो! जमीन आहे तशी राखायची, खाणवाल्यांना द्यायची नाही. झालं, माझ्यासमोरच दोघांची जुंपली.

"खाण आली तर हरणं काय तुझ्या अंगणात राहणार?" व्हर्ना म्हणाली.

"आणि स्मारक झालं की आधी पाटी येईल, मग कुलूप. शिकार बंद! लिहून ठेव."

त्या दिवसापासून बोलणं बंद. गाड्याही दोन झाल्या. मला फार वाईट वाटलं.

पुढे स्मारक मंजूर झालं. ऑरिनने तेवढंच ऐकलं आणि गाडीतला रेडिओ बंद केला. एका सकाळी सरकारी गाडी माझ्यापाशी येऊन थांबली, माणसाने खांब पाहिला, मागची लोखंडी पेटी खडखडली. तो पुढची जागा पाहायला गेला, तेवढ्यात ऑरिनने मला खांबावरून सोडवलं, चटईसारखं गुंडाळलं आणि थेट आपल्या गोठ्यात नेऊन टाकलं!

दुपारी व्हर्ना गोठ्याच्या दारात उभी.

"फाटक कुठाय?"

"कुठलं फाटक?"

"तुझ्या गाई माझे भोपळे खातायत ना, त्यांना अडवणारं फाटक!"

ऑरिनचा चेहरा पडला. "ताई, ते कुलूप लावणार होते गं. पेटी होती गाडीत."

"अरे येड्या, बाबांचा तारेचा फास तो. कुलूप लावणार कुठे, तुझ्या नाकाला?"

तो हसला नाही. गवतावर बसला. "बाबा जिथे हरणाची वाट बघत बसायचे, त्या खडकापाशी मला जाता आलं नाही तर? माझं दुसरं आहे काय?"

व्हर्ना त्याच्याशेजारी टेकली. "मलाही तीच धास्ती होती रे. स्मारकाच्या सभेत शिकारीची मुभा ठेवा म्हणून घसा बसेपर्यंत भांडले. ठेवलीय त्यांनी. तू आधीच तणतणत निघून गेलास, तुला कुठून कळणार?"

ऑरिनने टोपी डोक्यावर चढवली आणि म्हणाला, "भोपळे किती उरले?"

"एकही नाही. चल, गाई हाक आधी."

संध्याकाळी मी पुन्हा जागेवर आलो. पेटीत हातोडा आणि खिळे होते, खांबावर पाटी ठोकायला. पाटीवर लिहिलंय: शिकारीला मुभा आहे, फाटक होतं तसं ठेवा.

स्मारकाचे कचेरीवाले आता दोघांना म्हणतात, तुमचं वय झालं, इथे हलकं लोखंडी फाटक बसवू, एका बोटाने लागेल. खरंय. व्हर्नाचा खांदा दुखतो, ऑरिनची बोटं वळत नाहीत. शिकारीच्या पहिल्या सकाळीही गाड्या दोनच होत्या. आधी आलेल्या व्हर्नाने मला उघडलं, गाडी आत घेतली आणि लावायला गेली, तर मी काही लागेना. उघडं टाकून जाणं तिच्या रक्तात नाही. थंडीत काठी धरून ती तशीच उभी राहिली, भावाची गाडी येईपर्यंत.

"रेट गं, ताकद गेली काय?"

"तू फास चढव, तोंड नको चालवू!"

लागलो एकदाचा. मग पुढे मात्र दोघं एकाच गाडीतून गेली.

म्हणून माझी विनवणी आहे, मला एवढ्यात बदलू नका. एका बोटाने लागणारं फाटक त्यांना काय कामाचं?