मुक्कामीची चाकं

टायरच्या खाचेत अडकलेला एक खडा — ओला. बाकी गाडी टपापासून पायरीपर्यंत धुळीनं माखलेली, मागच्या काचेवर कुणी बोटानं काढलेला बदामही तसाच. चाकं तेवढी काळीभोर, नुकती न्हालेली. उत्तरेश्वर वाकून बघत राहिला. सहकारी वाहतूक संस्थेत गाड्या सोडायचं काम त्याचं. माणसं तपासायचा नाद मात्र बिनपगारी.

दुष्काळ म्हणून गाड्या धुणं बंद — ‘मळकी गाडी, वाचलेलं पाणी’ हा फलक त्यानंच रंगवून घेतला होता. मग नांदूरघाटापलीकडच्या वाडीला रात्री मुक्कामाला जाणारी ही एकच गाडी रोज सकाळी पाय धुऊन… पाय? छे, चाकं. ओढा कोरडा, वाडीला टँकर आला तर आला. म्हणजे पाशा ड्रायव्हर कुठंतरी वाट वाकडी करत असणार, डिझेल जाळत असणार. आणि आजच दुपारी चेअरमन अर्जुनरावांना सांगायचं होतं, ही मुक्कामी फेरी ठेवायची की तोडायची. तोडली की धूर कमी, पर्यावरणाला बरं, असं अर्जुनरावांचं म्हणणं… त्यांच्या मेव्हण्याच्या जीपा त्याच रस्त्याला चालतात, त्या बहुधा उदबत्तीचा धूर सोडत असाव्यात.

विचारलं तर पाशा दाढी खाजवत हसला.

“गाडी कुटं धुतली साहेब? पाय धुतले. वाडीवाल्यांनी.”

मागून मंजुळाबाई उतरली. वसतिगृहात भाकरी थापायला रोज याच गाडीनं येते. गाडी तुटली की तिचं काम तुटलं, हे तिलाही ठाऊक, त्यालाही.

“मुक्कामाला येतो त्यो पावना,” ती पिशवी सावरत म्हणाली. “पावन्याला पाय धुवायला पाणी न्हाई म्हणावं कावून?”

पाणी कुठलं, तर म्हणे सकाळच्या आंघोळीचं. चाकावरून ओघळलं की लिंबाच्या बुडाला जातं, गाडी त्याच लिंबाखाली लावतात. उत्तर फार तयार होतं. घोकल्याशिवाय माणूस इतकं सरळ बोलत नाही. आणि हे कधीपासून? पाशानं सांगून टाकलं — गाडी तुटायची बातमी वाडीत पोचली तेव्हापासून. अस्सं. म्हणजे लाचच की… पण लाच द्यायची तर मला द्यावी, चाकाला काय म्हणून?

बहात्तरच्या दुष्काळात आष्टीच्या घरी, लांबून पाहुणा दिसला की आई दार लोटून आतून कडी घालायची. नाही म्हणावं लागू नये म्हणून. पाहुणा ओट्यापाशी थांबायचा, खोकायचा, पुन्हा एकदा खोकायचा… आम्ही पोरं अंधारात एकमेकांच्या तोंडावर हात ठेवून. तो गेल्यावर आई कितीतरी वेळ स्वतःही घोटभर पाणी घ्यायची नाही.

त्यानं खडा उकरून हुंगला. साबणाचा वास? डिझेलचा? नुसता ओल्या दगडाचा.

दुपारी अर्जुनरावांनी विचारलं तेव्हा तो उद्या सांगतो म्हणाला. ते हसले, तुमचंही तिकडं काही पाणी मुरतंय का, म्हणाले. तोही हसला. खिशातला खडा एव्हाना वाळला होता, तरी बोट पुन्हापुन्हा तिथंच जात होतं. सकाळपर्यंत संशय त्याचा वाडीवर होता… वाडीचा त्याच्यावर असेल, हे आत्ता सुचत होतं. मंजुळाबाई रात्री घरी जाऊन काय सांगेल? की त्यानं वाकून खडा हुंगला, आणि शब्द दिला नाही… उद्या चाकं कोरडी आली तर?

तर कडी आतून लागली, म्हणायचं. आणि ओट्यापाशी खोकत उभा मी.