एक लांब शिट्टी

“उजवीकडे बघा,” थोरली म्हणाली, आणि सगळ्यांनी डावीकडे पाहिलं.

डावीकडे नदीच्या पायऱ्यांवर धाकटीची मंडळी होती. तिने पोरांना व्यापारी केलं होतं आणि त्यांच्या बापांना हमाल. बाप लोक आपापली पोरं खांद्यावर घेऊन वाकत वाकत पायऱ्या चढत होते, वर पोरं ओरडत होती, “माल सांभाळा, माल सांभाळा,” आणि आया पोट धरून हसत होत्या. थोरलीच्या उजवीकडे पाणदरवाजा होता. पूर्वी गलबतातून उतरलेला माल त्यातूनच गावात यायचा. तो कोणी बांधला, कोणी पाडला, परत कोणी बांधला हे सगळं तिला सांगायचं होतं. तिने घसा खाकरला. घोळक्यातली एक मुलगी वडिलांना म्हणाली, “बाबा, आपण तिकडच्या रांगेत का नाही उभे राहिलो?”

वडिलांनी तिला गप्प केलं, पण थोरलीने ते ऐकलं होतं.

या दोघी जावा. एकच घर, एकच स्वयंपाकघर, आणि आता एकच धंदा. वाटाड्याचं काम थोरली वीसेक वर्षं करत होती. पूर्वी या गावात फिरायला यायचे ते टिपणं काढणारे लोक. लेकुरवाळी माणसं यायची, दोन भिंती बघायची आणि पोरं रडायला लागली की गाडी काढून परत जायची. पर्यटन कचेरीच्या साहेबांना थोरलीनेच गळ घातली होती, की या लोकांसाठी वेगळी फेरी काढू. पुलापासून जकातघरापर्यंत, नदीच्या कडेकडेने. कुठल्या गल्लीत बाबागाडीचं चाक अडकतं, कुठल्या झाडाखाली बाटलीतलं दूध पाजता येतं, हे तिने स्वतः हिंडून ठरवलं होतं. फेरीला गर्दी व्हायला लागली तेव्हा “माझी जाऊ घरीच असते, तिला घ्या” हेही तिनेच सांगितलं. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

धाकटीला एक सन धड आठवत नसे. पण तिची रांग लांब असे. आणि आता साहेबांनी दोघींना बोलावून सांगितलं होतं, की पुढच्या महिन्यापासून फेरी एकच राहील, बाईही एकच. कोण ते बघू.

एवढं होऊनही थोरली कदाचित गप्प बसली असती. पण धाकटीची मुलगी, सगळे तिला खार म्हणत, ती थोरलीच्या मांडीवर वाढली होती. थोरलीला मूलबाळ नव्हतं. खारेला पहिला घास तिने भरवला, तापात रात्र रात्र तिने जागवली, आणि खारही आपल्या आईच्या आधी हिला ‘मोठीआई’ म्हणायला शिकली. दर रविवारी ती फेरीत मोठीआईचा पदर धरून चालायची. गेल्या काही रविवारांपासून मात्र ती धाकटीच्या घोळक्यात पळत होती.

“मोठीआई, तुझ्यात खेळायला नसतं ना,” खारेने सांगून टाकलं होतं. तिच्या मनात काही नव्हतं. थोरलीच्या मनात मात्र ते घर करून बसलं.

नदीकाठच्या फेरीत भीती एकाच गोष्टीची, पाण्याची. म्हणून दोघींच्या गळ्यात शिट्ट्या असत. मूल दिसेनासं झालं तर आखूड शिट्ट्या, लागोपाठ. हरवलेलं मूल दुसरीला सापडलं तर तिने एक लांब शिट्टी द्यायची. हा नियमही थोरलीचाच.

त्या दिवशी घंटाघरामागच्या बोळात दोन्ही घोळके समोरासमोर आले. बोळ अरुंद, म्हणून थोरलीने आपली माणसं भिंतीला लावून उभी केली आणि धाकटीची मंडळी पुढून गेली. धाकटी जाता जाता म्हणाली, “ताई, ऊन लागतंय हो तुमच्या लोकांना, सावलीत घ्या.” चांगल्या मनाने म्हणाली असेल. थोरलीला ते सगळ्यांसमोर शिकवल्यासारखं वाटलं.

बोळ मोकळा झाला आणि तिचं बोट कोणीतरी धरलं. खाली पाहिलं तर चष्मा लावलेला पाच-सहा वर्षांचा मुलगा. तो तिच्या घोळक्यातला नव्हता.

“मी मांजर बघत होतो,” तो म्हणाला.

“बरं,” थोरली म्हणाली.

तिचा हात शिट्टीकडे गेला होता. तेवढ्यात मुलगा म्हणाला, “तुमचा हात गार आहे. छान वाटतो.” आणि त्याने बोट आणखी घट्ट धरलं. थोरलीला बरं वाटलं. धाकटीकडचं एक पोर आपल्याकडे आलं, एवढंच तिच्या मनात आलं. तिने शिट्टी सोडून दिली आणि त्याला घेऊन जकातघराच्या चौकाकडे चालू लागली.

चौकात शिरताना नदीकडून शिट्ट्या ऐकू आल्या. आखूड, लागोपाठ.

“ती कसली शिट्टी हो?” घोळक्यातल्या एका आजोबांनी विचारलं.

“मुलांना बोलावतायत,” थोरली म्हणाली. मग वाकून मुलाच्या कानाशी म्हणाली, “आपण लपलोय बरं का. शिट्टी वाजली तरी गप्प राहायचं.”

मुलगा खूश झाला. तोंडावर हात ठेवून तो खांबाआड उभा राहिला. जरा घाबरू दे तिला, थोरलीने मनाशी म्हटलं. साहेबांनाही कळू दे, की हमाल-हमाल खेळण्यात पोरांवर नजर राहत नाही. ती जकातीची माहिती सांगत राहिली. त्या दिवशी तिच्या सांगण्याला भलताच रंग चढला होता, आणि ऐकणारेही ऐकत होते.

मग शिट्ट्या थांबल्या आणि एका बाईचा आवाज आला. त्या आवाजात नाव नव्हतं, हाक नव्हती, नुसता आवाज होता. थोरलीच्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं. तिने मुलाला उचललं आणि धावत पायऱ्या गाठल्या.

नावाडी लांब काठ्या पाण्यात घालून तळ चाचपत होते. मुलाची आई पायरीवर बसली होती, तिला दोन बायकांनी धरलं होतं. धाकटी कमरेपर्यंत पाण्यात होती. खार वर एकटीच उभी राहून आईकडे बघत रडत होती.

पुढचं सगळं घाईत झालं. आईने मुलाला ओढून छातीशी धरलं. वडिलांनी थोरलीचे दोन्ही हात हातात घेतले आणि “तुमचे उपकार कसे फेडू” असं काहीतरी म्हणत राहिले. मुलगा आईच्या खांद्यावरून म्हणाला, “आम्ही लपलो होतो. आजी म्हणाल्या, शिट्टी वाजली तरी गप्प राहायचं.”

वडील रडत रडत हसले. पोरांचं बोलणं कोण मनावर घेतं. धाकटी पाण्यातून वर येत होती, तिने ते ऐकलं. तिने थोरलीच्या गळ्यातल्या शिट्टीकडे पाहिलं, मग थोरलीकडे पाहिलं आणि खारेला उचलून घेतलं.

साहेबांसमोर धाकटी ओल्या कपड्यांनिशी उभी राहिली. “माझंच लक्ष नव्हतं,” ती म्हणाली. थोरली शेजारीच उभी होती. तिने तोंड उघडलं, पण साहेब तिलाच शाबासकी देत होते, आणि ती ऐकून घेऊन तिने तोंड मिटलं. फेरी थोरलीला मिळाली. धाकटीला नदीतून फिरवणाऱ्या नौकेच्या तिकीटखिडकीवर बसवलं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात दोघीच होत्या. धाकटी कांदा चिरत होती.

“का नाही सांगितलंस?” थोरलीने विचारलं.

“सांगितलं असतं तर तुमचं काम गेलं असतं. मग रोज घरी येऊन तुमच्यासमोर वावरायचं. तेवढी ताकद नाही माझ्यात.”

“माझ्या मनात तसं नव्हतं गं. जरा वेळच फक्त...”

“ताई, मी पाण्याखाली हात घालून शोधत होते. काय हाताला लागेल, कळत नव्हतं.” धाकटीने कांदा बाजूला सारला. “उद्यापासून खारेला मी खिडकीवर सोबत नेणार आहे.”

“तिथे काय करेल ती दिवसभर? ती माझ्याजवळच असते की.”

“असायची,” धाकटी म्हणाली, आणि तिने गॅस पेटवला.

थोरलीने तो कांदा पुढ्यात ओढला आणि उरलेला चिरून टाकला.

पुढचा रविवार. रांग आता एकच होती, आणि चांगली लांब होती. थोरलीने पाणदरवाजा दाखवला, सगळ्यांनी उजवीकडे पाहिलं. नौकेच्या खिडकीशी फेरी थांबायची, तशी ती थांबली. काचेमागे धाकटी तिकिटं फाडून देत होती आणि तिच्या शेजारच्या उंच स्टुलावर खार बसली होती. धाकटी तिच्या कानात काही म्हणाली, खार हसली. आता थोरलीला त्या स्टुलाचासुद्धा हेवा वाटत होता. खारेने तिला पाहून हात हलवला. मग आईकडे पाहिलं आणि हात खाली घेतला.

“जरा हिला धरता का हो?” घोळक्यातली एक बाई म्हणाली. तिच्या बुटाची नाडी सुटली होती. “तुमच्याबद्दल ऐकलंय आम्ही. त्या मुलाला तुम्हीच सांभाळलंत ना? तुमच्याकडे असली की मला काळजी नाही.”

आणि तिने आपल्या लेकीचा हात थोरलीच्या हातात दिला. मुलगी जेमतेम चालायला लागलेली, हात चिकट आणि गरम. थोरलीने तो दोन्ही हातांनी धरला. बाई नाडी बांधत होती, आणि ती उठून उभी राहीपर्यंत थोरलीने ना खिडकीकडे पाहिलं, ना नदीकडे.