पिवळीचं माप

सासूबाईंनी वजनकाट्यावर एकच पाय ठेवला होता.

"आई, दोन्ही पाय ठेवा."

"एकाचं घे आणि दुप्पट कर."

क्लबाच्या ऑफिसातल्या तिघांनी भिंतीकडे तोंडं फिरवली, तेव्हा कुठे दुसरा पाय वर आला. मी आकडा लिहिला आणि कागद उलटा करून ठेवला. विमान दोन सीटांचं असलं की हे करावंच लागतं. आमच्या क्लबात विमानं दोनच, पांढरी आणि पिवळी. पिवळी लहान. दोन माणसं बसवून तिच्या टाक्या काठोकाठ भरल्या तर धावपट्टी संपत आली तरी बाईसाहेब उठायचं नाव घेत नाहीत. म्हणून आधी माणसं मोजायची, मग पिशव्या, आणि उरलेल्या वजनात बसेल तेवढंच पेट्रोल.

पिशवी नऊ किलोची निघाली. आत उशी होती, पांघरूण होतं, आणि तीन वर्षांची मासिकं.

"ही कशाला?"

"धाकटीला. आता वाचता येईल ना तिला."

धाकटी म्हणजे सासूबाईंची बहीण, माझी मावससासू. तिचा एक डोळा कधीचाच कामातून गेलेला, दुसऱ्यात तीन वर्षांपासून नुसता उजेड-अंधार. त्या डोळ्याचं ऑपरेशन काल झालं होतं आणि आज बारा वाजता पट्टी निघणार होती. धाकटीने फोनवर बजावलं होतं, "पट्टी निघेल तेव्हा पहिलं तोंड तुझंच बघायचंय. नाही आलीस तर बघ." रस्त्याने डोंगराला वळसा घालून नऊ तास लागतात आणि सासूबाईंचे गुडघे दोन तासांवर संप करतात. विमानाने एक तास चाळीस मिनिटं. आणि घरात वैमानिक एकच, मी. पंचवीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, क्लबाच्या फाटक्या सीटांना कव्हरं शिवायला म्हणून इथे आले आणि शिकूनच बाहेर पडले. लायसन्स हातात येऊन आठ महिने झाले होते.

"इंजिनाची काळजी नाही मला," नवरा निघताना म्हणाला होता, "तुम्ही दोघी एवढा वेळ एका खोक्यात, त्याची आहे."

पेट्रोल मी स्वतः मोजलं. विमानातल्या काट्यावर भरवसा ठेवायचा नसतो, तो मनाला येईल ते दाखवतो. पंखावरचं टाकीचं झाकण उघडायचं, लाकडी काठी तळाला टेकेपर्यंत बुडवायची, बाहेर काढायची आणि ओल कुठल्या खुणेपर्यंत आली ते वाचायचं. त्या वेळी सासूबाई पंखाखाली उभ्या राहून, आपलं खरं वजन दोन किलोने कमी कसं आहे आणि चपला कशा जड आहेत, ते मला समजावत होत्या. डाव्या टाकीत बत्तीस लिटर, उजवीत बत्तीस. तासाला चोवीस लागतात. पोचून वर पाऊण तासाचं उरेल. झकास. बरोबर दहाला आम्ही उडालो.

पिवळीत एका वेळी एकाच टाकीतून पेट्रोल येतं, आणि कुठल्या ते आपण खटका फिरवून ठरवायचं. एकच बाजू रिकामी करत गेलं तर विमान तिरकं चालायला लागतं, म्हणून दर अर्ध्या तासाने बाजू बदलायची. मी स्वयंपाकघरातलं टिकटिक करणारं घड्याळ आणलं होतं. पहिला अर्धा तास डावी, पुढचा उजवी, मग पुन्हा डावी. सासूबाईंनी कानांवर हेडफोन चढवले होते आणि त्यांना माईक सापडला होता. त्यामुळे धाकटीचे लहानपणापासूनचे सगळे गुन्हे मला थेट कानात ऐकायला मिळत होते.

"...आणि माझाच फ्रॉक घालून मलाच विचारते, कशी दिसते! काय गं हा आवाज! जरा कमी नाही करता येत?"

"इंजिन आहे आई, रेडिओ नाही."

एवढं बोलले आणि इंजिनाला उचकी लागली. एक, दोन, मग खोकला, आणि मग वाऱ्याची सळसळ सोडली तर काहीच नाही. पंखा नुसता वाऱ्यावर फिरत होता.

सासूबाई म्हणाल्या, "कमी कर म्हणाले होते. बंद कर नाही म्हणाले."

मी विमानाचं नाक खाली घेतलं, म्हणजे वेग राहतो आणि विमान दगडासारखं न पडता उतारावरच्या सायकलीसारखं घरंगळतं. पंपाचं बटण दाबलं. खटका डावीवरून उजवीवर फिरवला. आता फक्त थांबायचं. हात शहाण्यासारखे वागत होते. मनात दहापर्यंत मोजलं. अकराला इंजिन खाकरलं, बाराला गुरगुरलं आणि मग असं काही सुरू झालं की जणू मधे काही घडलंच नव्हतं.

"झालं?" सासूबाईंनी विचारलं. दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली होती त्यांनी.

"झालं. डावी टाकी संपली."

"मग उजवी आहे ना! चल."

पण डावी संपायला नको होती. अकरा वाजून सतरा मिनिटं झाली होती. डावीतून पहिल्या अर्ध्या तासात, चढताना जास्त लागतं ते धरून, पंधरा लिटर गेले. आताच्या सतरा मिनिटांत सात. झाले बावीस. बत्तीसातले दहा कुठे गेले? पंखाकडे बघितलं, गळतीचा मागमूस नाही. आणि मग सकाळची ती काठी आठवली. हातात जरा लांब लागली होती. दोन्ही विमानांच्या काठ्या एकाच खिळ्याला टांगलेल्या असतात. पांढरीची टाकी मोठी, म्हणून तिच्या काठीवर तेवढ्याच ओलीला जास्त लिटर लिहिलेले. मी पिवळीच्या टाकीत पांढरीची काठी बुडवली होती. आयुष्यभर मापं घेतलेली बाई मी. आज गिऱ्हाइकाचं माप लावून शेजारणीचं ब्लाउज शिवलं होतं.

म्हणजे उजवीतही बत्तीस नव्हते, बावीसच होते. त्यातले बारा गेले. उरले दहा.

"आई, पंचवीस मिनिटांचं पेट्रोल आहे."

"आणि पोचायला किती लागतात?"

"तेवीस."

"मग दोन उरतात की!"

"दोन मिनिटांत काय होतं? समोरून वारा आला, नाहीतर धावपट्टीवर दुसरं विमान असलं आणि एक चक्कर मारायला लागली, की गेली ती दोन. इथून दहा मिनिटांवर गवताची एक धावपट्टी आहे. तिथे उतरून पेट्रोल घ्यायचं."

"बारा वाजता पट्टी काढणार आहेत."

"माहीत आहे."

"मी शब्द दिलाय तिला."

"माहीत आहे, आई."

"टाकी गळली का?"

खोटं बोलायची संधी सासूबाईंनीच ताटात वाढून दिली होती. दोन हजार फूट खाली, जमिनीवर असते तर कदाचित घेतलीही असती.

"नाही. मी चुकीच्या काठीने मोजलं. माझी चूक."

त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मी रेडिओवर सांगितलं आणि वळले. पुढची दहा मिनिटं त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, हे आमच्या घरात कधी घडलेलं नाही.

गवताच्या पट्टीवर एकच माणूस होता आणि तो गवत कापत होता. आम्ही उतरताच त्याने यंत्र बंद केलं, उजव्या टाकीत डोकावला आणि म्हणाला, "सहा लिटर. कुठे निघाला होतात, वैकुंठाला?"

"डोळ्यांच्या दवाखान्यात," सासूबाई म्हणाल्या.

त्याच्याकडे पिंप होतं आणि हातपंप होता, आणि तो माणूस घाईचा शत्रू होता. गाळणं धुतलं, वाळवलं, पुन्हा बघितलं. सासूबाईंनी दवाखान्यात फोन लावला, तो कोणी उचलला नाही. बाराला पाच कमी असताना त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"किती भरतेस?"

"पोचून वर पाऊण तासाचं राहील एवढं."

"जास्त भर."

"ही गवताची पट्टी आखूड आहे. जास्त भरलं तर वजन..."

त्यांनी पिशवी उघडली, मासिकांचा गठ्ठा काढला आणि गवतवाल्याच्या हातात ठेवला. "सांभाळून ठेवा. दोन दिवसांनी येतो न्यायला. पानं दुमडू नका." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वाचेल मागाहून."

त्या गठ्ठ्याच्या वजनाचं पेट्रोल घातलं. या वेळी काठी त्या माणसाची होती आणि मी प्रत्येक लिटर पंपाच्या आकड्याशी ताडून बघितलं. सासूबाईंनीही बघितलं, चष्मा लावून.

दवाखान्यात पोचायला एक वाजला. जिन्यावर मी त्यांचा हात धरायला गेले, तर त्यांनी तो झटकला आणि माझ्या पुढे चढल्या. गुडघे कुठे गेले होते कोण जाणे. वरच्या दारात नर्स कमरेवर हात ठेवून उभी होती.

"थोरल्या तुम्हीच ना? या, या लवकर. पट्टी काढून तास झाला."

सासूबाई जागच्या जागी थांबल्या. "दिसतं का तिला?"

"ते आम्हाला कसं कळणार? त्या डोळाच उघडत नाहीयेत!"

खोलीत धाकटी मावशी पलंगावर ताठ बसली होती. दोन्ही डोळे इतके घट्ट मिटलेले की नाकावर सुरकुत्या पडल्या होत्या. दवाखान्यातली एक मुलगी तिला बिस्किट भरवत होती. डॉक्टर खुर्चीत बसून छताकडे बघत होते.

"आली का?" मावशीने विचारलं.

"आले."

"तू कशावरून? हे लोक मघापासून फसवतायत मला. एक बाई तर 'मी आलेय गं' म्हणून रडून गेली."

"गाढवे, डोळे उघड!"

"हो, हीच ती," मावशी म्हणाली आणि डोळे उघडले.

पाणी आलं, पापणी फडफडली, आणि मग नजर हळूहळू सासूबाईंच्या चेहऱ्यावर येऊन टेकली. डॉक्टर पुढे सरकले.

"बाई गं," मावशी म्हणाली, "किती म्हातारी झालीस!"

"तीन वर्षं आरशात बघितलं नाहीस म्हणून बोलतेयस."

"आणि ही मागे रडतेय ती?"

"माझी सून. हिनेच आणलं."

"मग उशीर कोणी केला?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "तोही हिनेच. मला नको होता."

त्या पलंगावर टेकल्या. मावशीने त्यांची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि भुवईपासून सुरुवात केली. हा तीळ होता का आधी? हा दात कधी गेला? नर्स ड्रॉपची बाटली घेऊन पुढे आली.

"आजी, आता डोळा मिटा. औषध घालायचंय."

"थांब जरा," मावशी म्हणाली, "अजून बघून झालेलं नाही."