कानशीने घासलेली कड

माझ्यात अठ्ठावीस दात आहेत, चौदा वर आणि चौदा खाली. मी एका आजोबांची जुनी कवळी आहे. मी आले तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. शेवटचे तीन दात दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आधीच काढले होते आणि आजोबा दुधात भिजवलेल्या पावावर दिवस काढत होते.

मित्रांनो, प्लास्टरच्या साच्यात माझा जन्म झाला. मला तोंडात बसवल्यावर आजोबांनी आरशात पाहिले आणि विचारले, "आता सगळ्यांबरोबर जेवायला बसता येईल ना?"

त्यांना एवढेच हवे होते.

"येईल की," बाई म्हणाल्या. "सुरुवातीला टोचेल. आठवड्याने या, मी कड कमी करून देईन. घरी मात्र हात लावू नका हं."

पहिल्याच जेवणाला मी खटखट वाजले. "आजोबा, तुमचे दात टाळ्या वाजवतात!" नात ओरडली. सगळे हसले. आजोबाही हसले, जरा उशिरा. त्यांच्या खालच्या हिरडीत मी रुतत होते. तिथे फोड आला.

"मला जरा दवाखान्यात नेशील का रे?"

"सवय होईल, बाबा. सगळ्यांनाच होते," मुलगा मोबाईलमधून डोके वर न काढता म्हणाला. पुढच्या आठवड्यातही त्याने तेच सांगितले. दवाखाना लांब होता आणि आजोबांचे गुडघे साथ देत नव्हते. पण तिसऱ्यांदा विचारणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

आजोबा पंपांच्या कारखान्यात फिटर होते. कुठे घासते ते शोधायला तिथे निळा रंग वापरत. त्यांनी नातीच्या रंगपेटीतला निळा रंग फोडाला लावला आणि मला बसवून काढले. माझ्यावर ठिपका उमटला, तिथे त्यांनी कानस फिरवली. टोचणे थांबले! आजोबा इतके खूश झाले की त्यांनी माझी वरची कडही सगळीकडून उतरवली.

तिथेच चुकले. लोखंड जागचे हलत नाही. हिरडी दबते, सरकते. वरची कवळी टाळूला धरून राहते ती थुंकीच्या पातळ थरामुळे आणि हवाबंद कडेमुळे. कड गेली आणि हवा आत शिरली.

सुनेच्या ऑफिसातले पाहुणे जेवायला होते. आजोबा एक जुना किस्सा रंगवून सांगत होते. ऐन हसण्याच्या जागी मी ताटात पडले. कोणीच हसले नाही.

दुसऱ्या दिवशी सून हळूच म्हणाली, "बाबा, तुमचं ताट खोलीतच आणून देत जाऊ का? तुम्हालाच निवांत वाटेल."

"हो, हो. मलाही तेच बरं."

आता मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असते, रुमालात गुंडाळलेली. कोणी विचारलेच तर "आहे की," म्हणून दाखवायला. कोरडी पडून मी वाकडी झाले आहे. ताट रोज अर्धे परत जाते. "बाबांचं खाणंच कमी झालंय," असे घरात म्हणतात.

मित्रांनो, कवळीला पाण्यात ठेवा, असे सगळेच सांगतात. मी दुसरे सांगते. तुमच्या घरात कोणी "मला तेच बरं" म्हणाले, तर त्याच्याजवळ बसा आणि कुठे दुखते ते विचारा.

परवा आजोबांना ताप आला, म्हणून मुलाने त्यांना डॉक्टरांकडे नेले. गेल्या वर्षी त्यांचे वजन एकसष्ट किलो होते. या वेळी काटा माझ्यासकट बावन्न किलो सातशे ग्रॅमवर थांबला.