मेंदूखालचं ठिगळ

मित्रांनो, मी एका माणसाचा मेंदू सांभाळला आहे. दवाखान्यातून सुट्टी होईपर्यंतच, पण सांभाळला आहे.

जन्माने मी मांडीतला. साखराबाईंच्या मांडीच्या स्नायूवरचा पांढरा, चिवट पडदा. बाई औशाकडच्या. भूकंपात घराचा दगड कपाळावर बसला. जखम भरली, पण आत, नाकाच्या छतात, मेंदूच्या तळाशी एक चीर राहून गेली. पुढे त्यांनी लातुरात क्लासच्या पोरांसाठी खाणावळ काढली. काही वर्षांनी परातीवर वाकलं की नाकातून पाणी टपकू लागलं.

पोरं सगळी डॉक्टर व्हायला आलेली. त्यांनी निदान केलं, सर्दी.

"मावशी, आमटीत मीठ वेगळं नका टाकू," एक जण म्हणाला. बाकीचे हसले. बाई पदराने नाक दाबून आत गेल्या. डबे कमी होऊ लागले.

शेवटी एका डॉक्टरांनी सांगितलं, ही सर्दी नव्हे, मेंदूभोवतीचं पाणी आहे. भोक बुजवलं नाही तर जंतू थेट वर जातील. त्यांनी मला कापून काढलं आणि नाकातून दुर्बीण घालून त्या भोकावर बसवलं. मांडीतून एकदम मेंदूखाली! एवढी बढती आमच्यात कुणालाच मिळाली नव्हती. मी फुगलो. नाक कोरडं झालं.

सुट्टीच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "मावशी, दीड महिना वाकायचं नाही. वजन उचलायचं नाही."

"न्हाई वाकत, देवा. लई उपकार केले तुमी," बाई म्हणाल्या आणि खाली वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अहो मावशी! आत्ताच काय सांगून राहिलो मी?" डॉक्टर ओरडले. पाय मागे घ्यायला मात्र त्यांनाही जरा उशीरच झाला.

मी निसटलो. पहिला थेंब त्यांच्या बुटावर पडला. लाजायला मला तोंड नाही, तरी लाजलो.

दुसऱ्या खेपेस बाईंच्या दुसऱ्या मांडीतला तुकडा बसवला. मला बाटलीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं, पेशंटना दाखवायला. काच चारी बाजूंनी पारदर्शक, लपायची सोय नाही. म्हणून सांगतो मित्रांनो, डॉक्टरांनी वाकू नका म्हटलं, तर डॉक्टरांसमोरही वाकू नका. आमच्यासारख्या ठिगळांना जरा जपा.

तो दुसरा तुकडा चिकटला. तपासणीला आल्या तेव्हा बाईंचं नाक कोरडं होतं.

"खाणावळ काय म्हणते?" डॉक्टरांनी विचारलं.

"बंद हाय. मी दुसऱ्यांदा पडून व्हते, तवर पोरांनी दुसरीकडं डबे लावले."