हरिहरबाबूंची शिकवणी

"बाबूजी, माताजी को पकड़िए, गिर जाएँगी!" विजया काउंटरमागून ओरडली.

निशातगंजातल्या डॉक्टर निगमांच्या दवाखान्यात संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसे. फोन उचलायचा, नंबर द्यायचा, "हमारा नंबर पहले था" म्हणून भांडणाऱ्यांना बसवायचं, हे विजयाचं रोजचं काम. नवऱ्याच्या सरकारी नोकरीपायी ती यवतमाळहून लखनौला आली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती.

म्हाताऱ्याने बायकोला सावरून बाकावर बसवलं. हरिहरप्रसाद सक्सेना, रोडवेजमधून, म्हणजे सरकारी बससेवेतून, निवृत्त झालेले. बायको द्रौपदी, अर्धांगवायूच्या झटक्यातून नुकती उठलेली.

"बोलती हैं?" विजयाने विचारलं.

"बोलती क्या हैं, बड़बड़ाती हैं," हरिहरबाबू खालच्या आवाजात म्हणाले. "सब कहते हैं, दिमाग़ चला गया."

तेवढ्यात ती बाई पुटपुटली. जीभ जड, शब्द चावलेले. विजयाच्या हातातला फोन तसाच राहिला. पलीकडून कोणीतरी हॅलो हॅलो करत होतं.

"माय वं, मले घरी ने ना. मले तहान लागली."

विजया काउंटर सोडून धावली. बाईच्या ओठांना पाण्याचा ग्लास लावला. बाई घटाघटा पाणी प्यायली आणि तिने विजयाचा हात घट्ट धरून ठेवला.

"बाबूजी, ये पागल नहीं हैं. ये मराठी बोल रही हैं. पानी माँग रही थीं."

हरिहरबाबू मटकन खालीच बसले. "पानी?" म्हणाले, आणि भरल्या दवाखान्यात लहान मुलासारखे रडायला लागले.

द्रौपदी वर्ध्याजवळच्या सेलूची. नर्स म्हणून लखनौला आली, हरिहरबाबूंशी लग्न केलं आणि माहेर तुटलं. त्यानंतर तिच्या तोंडून मराठी शब्द हरिहरबाबूंनीही कधी ऐकला नव्हता. तिचं हिंदी असं साफ, की शेजारपाजारचे तिला इथलीच समजत. झटक्याने नेमकं तेच हिंदी पुसून गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. गेलेलं परत येईलच याचा भरवसा नाही. आठवणींचाही नाही.

पुढच्या आठवड्यात फोन आला. "बिटिया, आख़िरी नंबर दे दो."

विजयाला नवल वाटलं. शेवटचा नंबर कोणी मागत नाही. हरिहरबाबू एकटेच आले, बायकोपाशी शेजारीण बसली होती. गर्दी ओसरल्यावर ते काउंटरला टेकून उभे राहिले.

"मुझे सिखा दो," ते म्हणाले. "इस उमर में जितना आ जाए."

"बाबूजी, मी सांगेन ना, तुम्ही फोन करा," विजया चुकून मराठीतच बोलून गेली आणि मग हिंदीत समजावू लागली. त्यांनी मान हलवली.

"रात को प्यास लगे तो तुम्हें फ़ोन करूँ? और फिर... वो मुझसे बोले, और मैं टुकुर-टुकुर देखता रहूँ, यह अच्छा नहीं लगता."

तेव्हापासून ती शिकवणी सुरू झाली. पाणी, भूक, दुखणं. 'ळ' काही केल्या त्यांच्या जिभेवर बसेना. औषध घ्यायला आलेली माणसं हसत. ते स्वतःही हसत आणि पुन्हा म्हणत. विजया आधी पुस्तकी मराठी शिकवत होती. मग तिच्या ध्यानात आलं, द्रौपदीबाईंची भाषा ही नाही. आपली आई अंगणात बोलायची ती आहे. तिने 'मला'चं 'मले' केलं. ते तिने स्वतःही कितीतरी वर्षांत उच्चारलं नव्हतं. घरी तिचा मुलगा तिला हिंदीतच उत्तरं द्यायचा.

एकदा त्यांनी विचारलं, "घबराओ मत, मैं हूँ, यह कैसे कहते हैं?"

"भेऊ नोको, मी आहो."

ते भिंतीकडे तोंड करून कितीतरी वेळ ते घोकत राहिले. या वयात माणूस गुडघ्यांना जपतो, दातांना जपतो. हा माणूस बायकोचं बालपण मुळाक्षरांपासून शिकत होता. विजयाला त्यांच्याशी बोलताना खुर्चीत बसवेना. ती उभी राहूनच शिकवू लागली.

थंडीत ते द्रौपदीबाईंना घेऊन आले. द्रौपदीबाईंचं बोलणं हिंदीत सांगायला डॉक्टरांनी विजयाला नेहमीसारखी आत हाक मारली. हरिहरबाबूंनी हात वर केला. "रहने दीजिए."

ते बायकोपुढे वाकले. "पाँव दुखते का?"

"पाव नोको म्हनू," द्रौपदीबाईंनी दटावलं. "पाय म्हन."

"पाय दुखते का?"

"दुखते थोडा. रातच्याले."

"रात में थोड़ा दुखता है," त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. निगमांनी पेन खाली ठेवलं. दारात विजया उभी होती, बाहेर फोन वाजत होता.

तपासून झाल्यावर हरिहरबाबू बायकोला बाहेर घेऊन आले, बाकावर बसवून शाल नीट केली. ती त्यांच्या तोंडाकडे निरखून बघत होती. कुठे पाहिलंय, अशी.

"तुमी कोन्या गावचे जी?" तिने विचारलं.

ज्याच्याशी जन्मभर संसार केला त्या नवऱ्यालाच बाई गाव विचारत होती. हरिहरबाबूंना प्रश्न कळला होता. नीट कळला होता.

"तुमच्याच गावचा," ते सावकाश, एकेक शब्द जपून म्हणाले. "सेलूचा."

"आमच्या सेलूचे?" द्रौपदीबाईंचा सगळा चेहरा उजळला. "मंग उभे कायले जी? बसा ना."

आणि आपली शाल आवरून घेत ती बाकावर थोडी सरकली.